दोनदा नको म्हटलेली ब्युइक

ऑर्विलराव टेस्डाल यांनी आपली जुनी ब्युइक गाडी एका गरीब कष्टकरी कुटुंबाला दान करायचं ठरवलं, त्यात त्या कुटुंबाचा काडीइतकाही संबंध नव्हता. संबंध होता शेजारच्या ड्वेन क्वामीचा. ड्वेनने गेल्या वर्षी चर्चच्या ‘कृपेची चाकं’ या योजनेला आपला गंजका पिकअप ट्रक दिला होता, आणि तेव्हापासून चर्चच्या तळघरात, कॉफीच्या किटलीच्या बरोब्बर वर त्याचा फोटो टांगलेला होता. म्हणजे दर रविवारी ऑर्विलराव कप भरायला वाकले की ड्वेन वरून त्यांच्याकडे बघून हसायचा. विमा कंपनीच्या कचेरीत मान खाली घालून जन्म काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर तरी कुणाच्या फोटोखाली वाकावं का? वाकू नये असं ऑर्विलरावांचं स्पष्ट मत होतं, आणि कॉफी सोडणं त्यांना शक्य नव्हतं.

“तुला गाडी द्यायचीय की फोटो काढून घ्यायचाय?” मार्लिसबाईंनी विचारलं. नवऱ्याला त्या इतकी वर्षं ओळखून होत्या की प्रश्न विचारताना त्यांनी विणकामातून मानही वर केली नाही.

“मला गरिबांची कणव आहे,” ऑर्विलराव म्हणाले.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. बोलून दाखवत नाही, एवढंच.”

गावात बातमी फुटायला एक कॉफी पुरते. संध्याकाळपर्यंत सल्लागार दारात हजर. आधी आला खुद्द ड्वेन. “गाडी दे, चांगलंच आहे,” तो म्हणाला, “पण हिवाळी टायर काढून घे बाबा. नवी कोरी आहेत ती. दान म्हणजे गाडी. टायर त्यात धरत नाहीत.” मग समोरच्या बर्निसबाई आल्या. त्यांना मुळात कल्पनाच पटली नव्हती. “पेट्रोल कुठून घालणार आहेत ते लोक? उगाच त्यांना खर्चात पाडायचं. त्यापेक्षा सायकल दे.” बाहेर त्या वेळी मिनेसोटातला जानेवारी चालू होता, नाकातलं पाणी नाकातच गोठत होतं. पण बर्निसबाईंना गरिबांच्या तब्येतीवर भलताच भरवसा. शेवटी जाताजाता ड्वेन म्हणाला, “आणि तू स्वतः आता विजेवरची गाडी घे. माझा जावईच विकतो. खर्चच नाही. फोन चार्ज केल्यासारखी रात्री लावून ठेवायची.” झालं! ऑर्विलरावांनी बर्फात न घसरणारी ती टायरही काढून गॅरेजात लपवली, जागी झिजकी उन्हाळी टायर चढवली आणि विजेची गाडीही घेतली. एकाच माणसाचे दोन सल्ले ऐकायचे नसतात, हे त्यांना कळायला पुढे बराच बर्फ पडावा लागला.

आता पुढची गंमत कळण्यासाठी नॉर्डली गावची एक रीत सांगायला हवी. नॉर्डलीत कुणी काही देऊ केलं, तर घेणाऱ्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘नको नको, कशाला उगाच’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, इतकं म्हणताय तर’ असं म्हणून, मोठा उपकार केल्यासारखं घ्यायचं. कॉफीच्या दुसऱ्या कपापासून किडनीपर्यंत हाच नियम. बर्निसबाईंच्या यजमानांना हार्ट ॲटॅक आला तेव्हा त्यांनी रुग्णवाहिकेला दोनदा परत जायला सांगितलं होतं. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत ते शुद्धीवर राहिले म्हणून वाचले. पहिल्या फटक्याला ‘हो’ म्हणणारा माणूस इथे हावरट ठरतो, आणि दोनदाच विचारून उघड उघड थांबणारा माणूस तर इथे अजून जन्मालाच यायचा होता. म्हणूनच नॉर्डलीची माणसं देऊ करण्यात इतकी उदार. पहिल्या दोन खेपा फुकटच असतात ना!

ब्युइक ज्या बाईंना मिळायची होती त्यांचं नाव डेल्फीन गिड्री. लुइझियानाकडच्या, पदरात दोन पोरं, गावच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. नवरा त्यांना इथल्या थंडीत आणून सोडून, स्वतः उबदार जागी निघून गेला होता. त्यांना थॉर्विलच्या इस्पितळातल्या स्वयंपाकघरात चांगली नोकरी लागली होती. पगार बरा, शिवाय पोरांच्या दवापाण्याचा विमा, आणि धाकट्याची छाती तर सतत भरलेली. फक्त इस्पितळ पडलं शेजारच्या गावात, आणि तिथे बस जात नाही. गाडी मिळाली तर नोकरी, नाही तर वृद्धाश्रमात भाज्यांचा लगदा घोटत बसा, इतकं ते सरळ होतं.

‘कृपेची चाकं’च्या समितीला मात्र सरळ गोष्टींचं वावडं. समितीच्या अध्यक्षा लाव्हॉन ब्रेके. या बाई बोलताना डोळे मिटून घेत, त्यामुळे समोरचा कितीही तळमळून सांगू दे, त्यांना तो दिसतच नसे.

“आधी वर्ग पूर्ण करायचा,” डोळे मिटून लाव्हॉनबाई म्हणाल्या. “मोटार बाळगण्याची जबाबदारी. चार बुधवार, दुपारी, थॉर्विलला.”

“थॉर्विलला?” डेल्फीनने विचारलं. “मी तिथे येऊ कशी?”

“म्हणून तर आपण गाडी देतोय ना, बाई. वर्ग झाल्यावर.”

समितीतल्या बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी, जिथे गाडीशिवाय जाता येत नाही तिथे जाऊन, गाडी कशी सांभाळावी हे शिकायचं, यात कुणालाच काही खटकलं नाही. दानधर्म करणाऱ्यांच्या डोक्याला एक वेगळाच थंडावा असतो.

तेव्हा दाता म्हणून बैठकीला बसलेल्या ऑर्विलरावांच्या तोंडून, केवळ सभ्यता म्हणून, एक वाक्य निसटलं. “लागलंच तर मी सोडेन की तुला.” आणि ते आरामात मागे टेकले. कारण आता ती ‘नको’ म्हणणार, मग ते पुन्हा म्हणणार, मग ती पुन्हा ‘नको’ म्हणणार, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत विषय बदलायची कला त्यांना चांगली साधली होती.

“चालेल की!” डेल्फीन म्हणाली. “बुधवारी एक वाजता या, ऑर्विलसाहेब. पोरंही असतील. त्यांना वाटेत पाळणाघरात सोडायचं.”

खोलीत कुणीतरी खोकलं. लाव्हॉनबाईंनी डोळे उघडले. पहिल्याच विचारण्याला हो! ऑर्विलरावांचे कान लाल झाले. भर सभेत कुणीतरी आपल्या पँटचा पट्टा सोडावा तसं त्यांना वाटलं.

तर अशा रीतीने दाता आपल्याच दान केलेल्या गाडीचा ड्रायव्हर झाला. मागच्या सीटवर धाकटा खोकायचा आणि थोरली त्याला गप्प करायला चीजचे चुरमुरे चारायची, ते निम्मे सीटच्या फटीत जायचे. डेल्फीन पुढे बसून मोकळेपणाने बोलायची. “हीटर जरा खडखडतोय, ऑर्विलसाहेब. तेवढं बघून घ्याल ना?” आता काय बोलणार? “घेईन की,” ऑर्विलराव म्हणायचे. “वायपर पण बदलून टाका.” “टाकू की.” एकदा घरी सोडल्यावर त्यांनी सभ्यतेने म्हटलं, “सामान जड आहे, वर आणून देऊ का?” तिसऱ्या मजल्यापर्यंत पिठाची पोती चढवताना त्यांनी कानाला खडा लावला. या बाईला काहीही विचारायचं नाही. पण तोंडाची सवय जाते थोडीच? दुसऱ्याच दिवशी ते तिच्या दारापुढचा बर्फ उपसत होते.

“तिला रीतभातच नाही,” घरी येऊन ते कंबर चोळत म्हणाले.

“तू विचारलंस, तिने हो म्हटलं,” मार्लिसबाई म्हणाल्या. “यात रीत चुकली कुणाची?”

“तिने नको म्हणायला हवं होतं!”

“म्हणजे तुला विचारायचंच नव्हतं.”

यावर ऑर्विलराव वर्तमानपत्र उघडून बसले. ते उलटं होतं, पण ते सरळ करणं म्हणजे माघार घेणं झालं असतं.

मग समितीतर्फे गाडीची तपासणी झाली, आणि तीत ब्युइक नापास झाली. कारण काय, तर हिवाळी टायर नाहीत. तपासणाऱ्याने सर्वांदेखत विचारलं, “या मोसमात तुम्ही या टायरांवर गाडी चालवत होता?” आता ‘हो’ म्हणावं तर मूर्ख, ‘नाही’ म्हणावं तर चोर. ऑर्विलराव म्हणाले, “ती... धुवायला काढली होती.” त्या संध्याकाळी टायर गॅरेजातून निघून पुन्हा गाडीला लागली. ती बसवताना ड्वेन कुंपणावरून बघत होता. म्हणाला, “मी तुला सांगितलं होतं, पण लपवायचीही एक पद्धत असते.”

त्यानंतर विमा. समिती म्हणे, विमा उतरवल्याशिवाय गाडी नावावर करता येत नाही. विमा कंपनी म्हणे, गाडी नावावर झाल्याशिवाय विमा उतरवता येत नाही. इथे मात्र ऑर्विलरावांची छाती फुगली. हे तर त्यांचं राज्य! “मी बघतो,” असं म्हणून त्यांनी फोन उचलला, आणि सकाळभर एका तरुण आवाजाने त्यांना अत्यंत गोड शब्दांत तेच तेच सांगितलं. आपण उभी हयात लोकांना अगदी याच स्वरात, अगदी याच गोष्टी सांगत आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण त्याचा पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. राग आला, तो त्या पोराचा. अखेर डेल्फीन स्वतः विमा कचेरीत जाऊन बसली. धाकटा तिथल्या गालिच्यावर ओकला. त्यानंतर कागद इतक्या झटपट झाले की ऑर्विलरावांना आपल्या सगळ्या कारकिर्दीचीच शंका आली.

एवढं होईतो नव्या गाडीनेही आपले गुण दाखवायला सुरुवात केली. विजेची गाडी थंडीत आकसते, हे ड्वेनच्या जावयाने सांगितलं नव्हतं. रात्रभर चार्ज करून सकाळी बघावं तर पडद्यावर निम्मीच बॅटरी. हीटर लावला की उरलेल्यातली निम्मी. ऑर्विलराव कोट, टोपी, दोन मफलर आणि मांडीवर घोंगडी अशा थाटात हीटर बंद ठेवून दुकानात जाऊ लागले. वाटेत हमखास ड्वेन भेटे. “आरामशीर आहे ना?” “फारच!” ऑर्विलराव दात वाजवत म्हणायचे. अशा वेळी त्यांना ब्युइकची आठवण येई. काय गाडी होती! किल्ली फिरवली की गुरगुरून उठायची. त्यातच नवीन वायपर, दुरुस्त हीटर, कोरी टायर. इतकी चांगली तर ती त्यांच्याकडे असताना कधीच नव्हती. दान करायच्या नादात गाडी फारच ठेवण्यासारखी होऊन बसली होती.

इकडे समितीत वेगळीच कुजबुज सुरू झाली. लाव्हॉनबाई डोळे मिटून म्हणाल्या, “बाई कामसू आहे, नाही असं नाही. पण कृतज्ञता कमी वाटते. काही विचारलं की लगेच हो. घ्यायला टपलेलीच! पुढच्या महिन्यावर टाकावं का?” हे मार्लिसबाईंच्या कानावर आलं आणि त्यांचा जीव वरखाली झाला. पुढच्या महिन्यापर्यंत इस्पितळ थोडंच थांबणार होतं? त्या विणकाम टाकून थेट डेल्फीनच्या घरी गेल्या.

“नीट ऐक,” त्या म्हणाल्या. “समारंभात तुला किल्ली देतील. तेव्हा घ्यायची नाही.”

“घ्यायची नाही?” डेल्फीन बघतच राहिली. “मार्लिसबाई, त्या किल्लीसाठी मी चार बुधवार टायरमधल्या हवेवर भाषण ऐकलंय!”

“दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा घ्यायची.”

“आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?”

मार्लिसबाई हसल्या. “इथे असं होत नाही गं. त्यापेक्षा माणसं मरण पत्करतील.”

“आमच्याकडे जेवायला बस म्हटलं की बसतात,” डेल्फीन म्हणाली. “नको म्हटलं तर आई विचारायची, पोट बिघडलंय का?” पण तिने ते पाठ केलं. पोरांसमोर दोनदा ‘नको’ म्हणायचा सरावही केला, आणि पोरं खो खो हसली.

समारंभ ठरला तो नेमका तिच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दुपारी. स्थानिक पेपरची फोटो काढणारी बाई तेवढ्याच दिवशी मोकळी होती, आणि पेपरशिवाय दान कसलं? “मला तीनला कामावर हजर व्हायचंय,” डेल्फीनने चारचारदा सांगितलं. “पहिल्या दिवशी उशीर झाला तर येऊच नका म्हणालेत.” लाव्हॉनबाईंनी डोळे मिटून तिचा हात थोपटला.

चर्चच्या तळघरात सगळं गाव लोटलं होतं. मेजावर लिंबाच्या वड्या, बटाटे आणि खिमा एकत्र भाजून केलेलं इथलं हॉटडिश आणि कॉफी. आधी प्रार्थना झाली. मग स्तोत्र, तेही सगळ्या कडव्यांसह. मग लाव्हॉनबाई ‘देणं’ या विषयावर बोलल्या, बोलल्या आणि बोलतच राहिल्या. डेल्फीन इस्पितळाचा गणवेश घालूनच आली होती. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर, मार्लिसबाईंची नजर तिच्यावर, आणि ऑर्विलरावांची नजर खिडकीबाहेर. कारण आवारात त्यांची विजेची गाडी उभी होती आणि पडद्यावर लाल आकडा लुकलुकत असलेला त्यांनी उतरताना पाहिला होता. शेजारीच ब्युइक, धुऊनपुसून, निळी फीत बांधून. ती नीट दिसावी म्हणून त्यांनी काचेवरची वाफ बाहीने पुसली.

“आणि आता, आपले दाते!” लाव्हॉनबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. फोटोवाल्या बाईने कॅमेरा सरसावला. ऑर्विलराव पुढे झाले आणि किल्ली धरून म्हणाले, “डेल्फीन, ही गाडी आजपासून तुझी. घे.”

“नको,” डेल्फीन म्हणाली.

सगळ्या तळघरातून एक समाधानाचा सुस्कारा निघाला. बर्निसबाईंनी तर डोळ्याला रुमाल लावला. शिकली बाई, शिकली!

“अगं घे,” ऑर्विलराव म्हणाले.

“नको नको, कशाला उगाच,” डेल्फीन म्हणाली, आणि मग स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, “तुम्हालाच लागेल.”

हे वाक्य जोडायला नको होतं. ऑर्विलरावांच्या मनात ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. मलाच लागेल! खरंच आहे. मलाच तर लागणार आहे. ही बाई तर सरळ बोलणारी. हो म्हणायचं तेव्हा धडाधड हो म्हणालीय. म्हणजे नको म्हणतेय तर तिला नकोच असेल! आणि ती स्वतःच्या तोंडाने, पेपरवाल्यांसमोर, दोनदा नको म्हणालीय. यात माझा काय दोष?

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तळघर थांबलं. कुणाचा चमचा बशीत, कुणाची वडी ओठाशी. लाव्हॉनबाईंनी दोन्ही डोळे सताड उघडले. दूध नासल्याचा वास यावा तसा ड्वेनचा चेहरा झाला. मार्लिसबाई हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ऑर्विल!”

“आता तिची तशीच इच्छा असेल,” ऑर्विलराव पुटपुटले, आणि किल्लीचा हात सावकाश, अगदी नकळत, कोटाच्या खिशाकडे निघाला.

डेल्फीनने घड्याळाकडे पाहिलं. मग त्या हाताकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा सराव उतरला.

“तिसऱ्यांदा कुणी विचारणार आहे,” ती म्हणाली, “की माझं मीच विचारू?”

नॉर्डलीत असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सोयच नाही.

“बरं. डेल्फीन, घे गं बाई ती किल्ली,” डेल्फीन स्वतःला म्हणाली. “बरं, इतकं म्हणतेस तर!” आणि तिने खिशाच्या तोंडाशी पोचलेली किल्ली धरली. ऑर्विलरावांची बोटं जरा उशिराच सुटली, आणि नेमका तेवढ्यात कॅमेरा चमकला. पेपरात पुढे छापून आला तो हाच फोटो: दाता आणि लाभार्थी एकाच किल्लीला दोन बाजूंनी ओढताहेत, दात्याचे दात आवळलेले. मार्लिसबाई सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागल्या, आणि त्या बराच वेळ एकट्याच वाजवत होत्या.

ऑर्विलराव कुणाशी न बोलता बाहेर पडले. मार्लिसबाई कप धुवायला थांबल्या होत्या आणि येताना बर्निसबाईंबरोबर येणार होत्या. तसं त्यांनी नवऱ्याकडे न बघताच सांगितलं होतं. आवारात वारा असा, की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच थिजावं. ऑर्विलराव विजेच्या गाडीत बसले आणि बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. गाडी थंडगार, ढिम्म. उतरून त्यांनी टायरला लाथ मारली, ती पायाच्या अंगठ्याला लागली.

शेजारी ब्युइक गुरगुरून उठली. पहिल्याच किल्लीला! काच खाली झाली आणि आतून उबेचा एक झोत बाहेर आला.

“काय झालं, ऑर्विलसाहेब? बंद पडली?” डेल्फीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. “बसा. तुमचं घर वाटेतच आहे. सोडते.”

ऑर्विलरावांनी त्या उबेकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना जगात दुसरं काहीही नको होतं. बसायचं होतं. मनापासून बसायचं होतं. आणि त्यांचं तोंड, जन्मभराच्या सवयीने, आपोआप म्हणालं, “छे छे, नको. कशाला तुला उगाच त्रास.”

डेल्फीनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि काच वर केली.

ब्युइक वळणावर दिसेनाशी झाली. डेल्फीन वेळेवर पोचली. ऑर्विलरावांच्या जिभेवर दुसरा ‘नको’ तयार होता, आणि त्याच्यामागे ‘बरं, इतकं म्हणतेस तर’ही उभं होतं. ती दोन्ही वाक्यं त्यांनी बर्फातून चालत घरी नेली.